मोठ्या आजारपणानंतर कामावर परत जाताना (एपिसोडचा लेखी मजकूर)

ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय, बोललो तसाच, थोडी काटछाट करून.

माणूस दोन-तीन महिने आजारी पडतो, बरा होतो, कामावर जातो आणि तिथे अडकतो. का? माझ्या मते बऱ्याचदा प्रश्न तब्येतीचा नसतो, पहिल्या दोन आठवड्यांत ऑफिस कसं वागतं त्याचा असतो.

आधी तो कागद बघू. डॉक्टरांच्या फिटनेस सर्टिफिकेटवर एकच ओळ असते: अमुक तारखेपासून कामावर जाण्यास योग्य. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत हा बूलियन झाला, ट्रू नाहीतर फॉल्स. शरीर तसं चालत नाही ना. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये जुनी 'सिक नोट' बंद करून 'फिट नोट' आणली. तिच्यात मधला पर्याय आहे: काम करू शकतो, पण तास हळूहळू वाढवा, काम बदला, नाहीतर बसायची सोय बघा. आपल्याकडे हा मधला पर्याय साहेबाच्या मनावर.

मला फुप्फुसाचा टीबी झाला होता. तीन महिने घरी. औषधं साधारण सहा महिने चालतात, पण ती नियमित सुरू झाली की साध्या टीबीत काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. तरी पहिल्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी आणि पॅन्ट्रीत माझ्यासाठी कागदी कप. कुणी वाईट बोललं नाही हां. बोललं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. माझं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं, रिपॉझिटरीचा ॲक्सेस बंद, आणि दोन्ही गोष्टी मला लॉगिन करताना कळल्या. ॲक्सेस काढून घेणं सिक्युरिटीच्या दृष्टीने बरोबरच, पण आदल्या दिवशी एक फोन करायला काय जातं? तीन दिवस नुसता बसून. रिकाम्या बसवलेल्या माणसाला वाटतं, आपल्यावाचून यांचं काही अडत नाही. चौथ्या दिवशी टीम लीडने छोटे बग दिले आणि दोन आठवडे दुपारी चारला घरी सोडलं. मला विचारून तिने डॉक्टरांचं म्हणणं टीमला सांगितलं. मग शेजारची खुर्ची भरली. कागदी कप मात्र महिनाभर टिकला.

आता शिरोली एमआयडीसीत जाऊ. आमच्या गल्लीतला एक दादा तिथे फाउंड्रीत फेटलिंगला आहे, म्हणजे कास्टिंग ग्राइंडरने घासून साफ करायचं. दिवसभर उभं राहायचं, धूळ खायची. त्यालाही टीबीच. पैशाच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा सुरक्षित, कारण ईएसआय. पगार महिना २१ हजारांपर्यंत असलेल्यांना ते लागू. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. टीबीसारखे ३४ मोठे आजार वेगळ्या यादीत आहेत, त्यांना नोकरीच्या अटी पूर्ण असतील तर ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. शिवाय हा लाभ चालू असताना कामावरून काढायला १९४८ च्या ईएसआय कायद्यानेच बंदी घातली. माझ्यासारखे वरच्या पगाराचे लोक या छत्रीबाहेर, आमचं सगळं कंपनीच्या पॉलिसीवर.

पण परत गेल्यावर काय? दादाच्या हातात पहिल्याच दिवशी पुन्हा ग्राइंडर. आठवड्यात धाप लागायला लागली. नोकरीत असताना अपंगत्व आलं आणि नोकरी सरकारी असेल, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की काढू नका, त्याच वेतनश्रेणीत झेपेल असं दुसरं काम द्या. खासगी फाउंड्रीतल्या, टीबीतून उठलेल्या माणसाला याचा उपयोग नाही. सुपरवायझर गावाकडचा निघाला म्हणून दादाला दोन महिने स्टोअरला बसून चलन लिहायचं काम मिळालं. ओळख नसती तर? मला हे खटकतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांकडून नुसतं 'फिट' लिहून घेऊ नका. किती तास, कोणतं काम टाळायचं, किती दिवस, असं लिहून मागा आणि परतायच्या आठवडाभर आधी एचआरला मेल करा. तोंडी नको. आजाराचं नाव टीमला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आणि तुमच्या टीममध्ये कुणी परत येत असेल तर आदल्या दिवशी त्याचा आयडी चालतोय का, तेवढं बघून ठेवा.