गांधीजींच्या निधनानंतरच्या लोकशोकाची छायाचित्रे

महात्मा गांधींची ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत हत्या झाल्यानंतर प्रकट झालेल्या लोकशोकाची छायाचित्ररूप नोंद. हिच्यात आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) या फ्रेंच छायाचित्रकाराचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. बिर्ला भवनाच्या फाटकापाशी जवाहरलाल नेहरू जमावाला निधनवार्ता सांगत आहेत, हे त्यांचे छायाचित्र तांत्रिक दृष्ट्या सदोषच म्हणावे लागेल. प्रकाश अपुरा, आकृत्या धूसर. तथापि त्या रात्रीची सैरभैर मनःस्थिती या धूसरतेतूनच प्रत्ययास येते. प्रखर कृत्रिम प्रकाशाने ती नाहीशी झाली असती. त्याच रात्री अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट (१९०४–७१) यांनी पार्थिवाजवळ फ्लॅशचा वापर केला, तेव्हा शोकाकुल मंडळी संतप्त झाली व त्यांना बाहेर जावे लागले. शोकाची नोंद घेणे आणि शोकात व्यत्यय आणणे यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे या प्रसंगावरून दिसते. ३१ जानेवारीच्या अंत्ययात्रेच्या व राजघाटावरील दहनविधीच्या छायाचित्रांत लक्ष वेधून घेतो तो पार्थिवापेक्षा दर्शनासाठी लोटलेला जनसमुदाय. मुंबईत कलाशिक्षण घेतलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकारानेही हे अंत्यसंस्कार टिपले आहेत.