दर अमावास्येला ग्रहण का नाही?

बेंगळुरूतल्या जयनगरमध्ये एका गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन पडलंय. मिसनी मुलांना पाठ्यपुस्तक पिशवीतून काढूच दिलेलं नाही. त्यातल्या आकृतीत सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत अगदी खेटून उभे असतात. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? माझ्या मते शिकवायला सुरुवात इथूनच करावी.

3 मीटरच्या पाइपच्या एका टोकाला 10 सेंटिमीटरचा चेंडू, दुसऱ्या टोकाला पावणेतीन सेंटिमीटरची गोटी. आकार आणि अंतर दोन्ही खऱ्या प्रमाणात. सूर्य मात्र खराच. त्याच प्रमाणात करायचा तर 11 मीटरचा गोळा सव्वा किलोमीटरच्या आसपास न्यावा लागला असता!

गोटी सूर्याच्या बाजूला ठेवायची आणि तिची सावली चेंडूवर आणायची. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त सावलीकडे. मुलं घामाघूम. हात जरा हलला की सावली चेंडूबाहेर.

"मिस, लागतच नाही!"

"तेच तर बघायचंय."

चंद्राची कक्षा 5 अंशांनी कललेली आहे. या पाइपवर ते 26 सेंटिमीटर होतात, म्हणजे सावली चेंडूच्या वरून नाहीतर खालून निसटणार. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू म्हणजे आजीच्या पंचांगातले राहू-केतू. सूर्य त्यांच्याजवळ असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली तरच ग्रहण. मिसनी राहूला हसण्यावारी नेलं नाही, हे मला आवडलं.

अखेर एकीला जमतं. चेंडूवर करडा डाग, मधला काळा ठिपका असून नसल्यासारखा. गोटी वीतभर जवळ आणली की तो मोहरीएवढा होतो, मागे नेली की विरतो. 26 डिसेंबर 2019 ला चंद्र असाच लांब होता. सावलीचं टोक जमिनीला टेकलंच नाही. कोडगू, कण्णूर, कोइम्बतूरला कंकण दिसलं, बेंगळुरूत सूर्य सुमारे 90 टक्के झाकला गेला.

मग चंद्रग्रहणासाठी पाइप उलटा फिरवतात. चेंडूची गडद सावली गोटीपाशी 7 सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे गोटी अख्खी गडप. 7 सप्टेंबर 2025 ची खग्रास स्थिती म्हणूनच 82 मिनिटं टिकली.

"पण तेव्हा चंद्र लाल असतो ना? ही तर नुसती काळवंडली," एकजण म्हणाला.

चेंडूभोवती हवा कुठे आहे? पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला तांबूस उजेड पाइपवर दाखवता येत नाही, हे मिसनी सांगून टाकलं आणि पुढच्याच्या हातात पाइप दिला.