केशराच्या भावात करडई

चितेगावची ओळख पैठण रस्त्यावरच्या कारखान्यांची. पण मराठवाड्याच्या काळ्या रानात करडई ही रब्बीची जुनी सोबत. तिच्या पाकळ्या धुतल्या की पिवळा रंग निघून जातो. मग खाराच्या पाण्यात उतरवून लिंबू पिळले की लाल कुसुंबी कापडावर बसतो. अरबीत ही ‘उस्फुर’. तिने रंगवलेले कपडे पुरुषांनी घालू नयेत, असे हदीसमध्ये आहे. युनानीत तिचे बी, ‘कुर्तुम’, बद्धकोष्ठावर देतात. पाकळ्यांचा काढा मात्र गरोदर बाईने टाळावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्यानेही.

शीरखुर्म्यासाठी स्वस्त ‘केशर’ घेताय? चार काड्या कोमट पाण्यात टाका. टोक कर्ण्यासारखे पसरले तर केशर; पाच पाकळ्यांची बारीक नळी दिसली तर करडई. खायला वाईट नाही, पण केशराच्या भावात कशाला?