सरळ रेषेंत चालणारी घरगुती गाडी

टेबलाचा कप्पा एकाच कोपऱ्यास धरून ओढला कीं तो तिरका होऊन अडतो, हें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत सुताराचा दोष असतोच असें नाहीं. एखादी वस्तु गोल फिरविण्यापेक्षां सरळ रेषेंत चालविणें हेंच मुळीं अधिक अवघड. चाक आंसाला सोडून जाऊं शकत नाहीं. सरकणाऱ्या वस्तूला मात्र वळण्याची, डोलण्याची आणि उचलली जाण्याची मोकळीक असते.

हल्लीं अनेक घरांतून कॉलेजांत शिकणारी मुलें संगणकाच्या आज्ञेनें रेखाटणारीं किंवा लांकूड कोरणारीं लहान यंत्रें जुळवूं लागलीं आहेत. त्यांचें घोडें अडतें तें याच ठिकाणीं. कारखान्यांत तयार झालेले रूळ आणि त्यांवरील गाड्या उत्तम असतात, पण किंमत ऐकून वडील मंडळी गप्प बसतात. शिवाय तसला सडपातळ रूळ वांकड्या फळीवर आवळला, तर तोही फळीबरोबर वांकतो. मला वाटतें, सरळपणा विकत घेण्यापूर्वीं तो समजून घेणें बरें.

चौरंग असमान जमिनीवर डुगडुगतो, तिवई कधींच डुगडुगत नाहीं. कारण तिला तीनच टेकू असतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८७६ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील शास्त्रीय उपकरणांच्या प्रदर्शनानिमित्त लिहिलेल्या निबंधांत हेंच तत्त्व मांडलें आहे. कोणत्याही घन वस्तूला सहा प्रकारच्या हालचाली शक्य असतात : तीन दिशांनीं सरकणें आणि तीन आंसांभोंवतीं वळणें. आपल्याला एकच सरकणें हवें आहे. म्हणून टेकू पांच हवेत. चार नकोत, आणि सहाही नकोत. सहावा टेकू पहिल्या पांचांशीं भांडूं लागतो.

हे पांच टेकू हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळींत ६०८ क्रमांकाचें बेअरिंग मागावें. स्केटिंगच्या चाकांत असतें तेंच हें. त्याचें भोंक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७. म्हणजे साधा ८ मिलिमीटरचा बोल्ट त्यांत नेमका बसतो. याखेरीज दोन सरळ नळ्या आणि वीतभर अँगल, एवढेंच सामान.

अँगलचा कोपरा खालीं करून तो नळीवर धरावा. त्याच्या बाहेरच्या दोन्ही अंगांस एकेक बेअरिंग बोल्टनें बसवावें, म्हणजे दोघांच्या कडा नळीच्या माथ्यावर डावीउजवीकडून टेकतात. अँगलचा कोपरा नळीला लागत असेल, तर वायसर वाढवून बेअरिंगें थोडीं बाहेर घ्यावीं. हे वायसर मात्र इतके लहान असावेत कीं ते बेअरिंगच्या आंतल्या कड्यालाच टेकतील. मोठा वायसर बाहेरच्या कड्याला घांसला, कीं बेअरिंग फिरायचें थांबतें आणि सारा खटाटोप फुकट जातो. अशी एक जोडी अँगलच्या एका टोंकास, दुसरी दुसऱ्या टोंकास. हे झाले चार टेकू. मधल्या पोकळींत तिकोनी लांकूड बसवून त्यावर फळी पक्की करावी. फळीची दुसरी बाजू दुसऱ्या नळीवर एकाच बेअरिंगनें टेकवावी. तो पांचवा.

पुष्कळ जण येथें दोन्ही नळ्यांवर जोड्या बसवितात. नळ्या केसभरही समांतर नसल्या, कीं गाडी एका टोंकाला सैल आणि दुसऱ्या टोंकाला घट्ट होते. दुसरी नळी गाडीला फक्त उचलून धरणारी असली, म्हणजे तिचें थोडेंसें दूर-जवळ असणें खपतें.

दोन जोड्यांतील अंतराबाबत कंजुषी करूं नये. जोड्या ५ सेंटिमीटरांवर असतील आणि बेअरिंगांत एक दशांश मिलिमीटर खेळ असेल, तर २५ सेंटिमीटर लांब हाताच्या टोंकाशीं तो खेळ अर्धा मिलिमीटर होतो. तेंच अंतर २० सेंटिमीटर केलें, तर चूक त्याच्या एक चतुर्थांशावर येते.

रेखाटण्याच्या कामीं गाडीचें वजन तिला खालीं दाबून धरण्यास पुरेसें आहे. लांकूड कोरतांना मात्र हत्यार गाडीला वर उचलूं पाहतें. त्यासाठीं नळीखालून आणखी एक बेअरिंग लावावें, पण तें स्प्रिंगवर. बोल्टनें आवळलें तर तोच सहावा टेकू झाला.

नळी घेतांना ती काचेच्या टेबलावर लोळवून पाहावी. खालून उजेडाची फट लुकलुकली तर परत करावी. जोडाची रेघ असल्यास ती खालच्या अंगास ठेवावी. बेअरिंगचें पोलाद नळीहून पुष्कळ कठीण असल्यामुळें कांहीं काळानें नळीवर चकचकीत रेघा उमटतात; तेव्हां नळी थोडी फिरवून नवी बाजू वर घ्यावी. नळीला तेल मात्र चोपडूं नये. भुसा त्याला चिकटतो आणि बेअरिंगखालीं चिरडून त्याचे टणक थर बसतात. कोरडें फडकें पुरे.