संगणकाचे अंतरंग : जुन्या प्रोसेसरचा वाढीव वेग आणि व्होल्टेजचा हिशेब

निर्मात्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवण्याच्या प्रक्रियेला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. असा जादा वेग मुळात शिल्लक राहतो याचे कारण उत्पादनपद्धतीत आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर घडलेल्या चिपा गुणवत्तेने तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून निर्माता त्यांची चाचणी घेऊन वर्गवारी करतो आणि प्रत्येक वर्गाला असा वेग ठरवून देतो, की त्या वर्गातील सर्वांत दुबळी चिपही कडक उन्हाळ्यात, बेताच्या पंख्याखाली, वर्षानुवर्षे बिनचूक चालावी. उरलेल्या चिपांत त्यामुळे थोडीफार क्षमता न वापरलेली राहते. कधी कधी ती थोडीथोडकी नसते : १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गावर, चालवला, की ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झ वेगाने धावत असे आणि कितीतरी महाग पेंटियम २ च्या पंक्तीला जाऊन बसत असे.

प्रोसेसरचा वेग दोन संख्यांच्या गुणाकारातून ठरतो. पहिली संख्या मदरबोर्डवर निर्माण होणाऱ्या मूळ स्पंदांची, म्हणजे बेस क्लॉकची, आणि दुसरी प्रोसेसरच्या आत असलेल्या गुणकाची, म्हणजे मल्टिप्लायरची. कोअर २ क्वाड क्यू६६०० या प्रोसेसरचा गुणक ९ असून मूळ स्पंद देणारी त्याची बस २६६ मेगाहर्ट्झची होती, त्यावरून त्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ येतो. बस ३३३ वर नेली की तोच वेग ३ गिगाहर्ट्झ होतो, मात्र बसशी बांधलेल्या रॅमचा वेगही त्याबरोबर वाढत असल्याने संगणक अडखळला तर दोष नेमका कोणाचा हे शोधताना नवशिक्याची दमछाक होते. २०११ च्या जानेवारीत आलेल्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत इंटेलने बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवर आणून तिच्याशी पीसीआय एक्सप्रेस आणि साटा या जोडण्यांचेही स्पंद बांधून टाकले, त्यामुळे तिला काही टक्क्यांपलीकडे हलवणे अशक्य झाले. त्याच्या मोबदल्यात नावापुढे ‘के’ असलेल्या प्रोसेसरांचा गुणक खुला ठेवला. नवशिक्यासाठी ही अडचण नसून सोय आहे, कारण येथे बदलायची संख्या एकच उरते. पुढील विवेचन म्हणूनच त्या पिढीतील कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर समोर ठेवून केले आहे. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे आणि चारही गाभे, म्हणजे कोअर, एकाच वेळी कामाला लागले असता टर्बो सुविधेमुळे तो ३.४ वर जातो. अर्थात गुणक वाढवण्यासाठी मदरबोर्डही पी६७ किंवा झेड६८ यांसारख्या चिपसेटचा असावा लागतो. एच६१ चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर खुल्या गुणकाचा काहीही उपयोग होत नाही.

ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसर ‘जळतो’ ही समजूत सर्वत्र आढळते, पण तीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. ट्रान्झिस्टरला एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्यासाठी अत्यल्प, पण निश्चित वेळ लागतो. वारंवारिता वाढवली की दोन स्पंदांमधील अवधी घटतो, आणि तो त्या वेळेपेक्षा कमी झाला की उत्तर तयार होण्याआधीच पुढचा स्पंद येतो, गणित चुकते, निळा पडदा दिसतो किंवा संगणक गोठतो. यात चिपेचे सहसा कायमचे नुकसान होत नाही. गुणक एका पायरीने मागे घेतला की सारे पूर्ववत चालते. व्होल्टेजची गोष्ट निराळी आहे. ते वाढवल्याने ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने स्थिती बदलतो आणि अधिक वारंवारिता झेपते हे खरे, परंतु चिपेत खर्च होणारी वीज वारंवारितेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल, ३.४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागणारी चिप ४.२ वर नेण्यास १.२५ व्होल्ट पुरत असतील, तर वेग सुमारे २४ टक्क्यांनी आणि उष्णता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढते. तीच चिप १.३५ व्होल्ट देऊन ४.५ वर नेली, तर वेगातील वाढ ३२ टक्क्यांवर थांबते आणि उष्णतेतील वाढ मात्र ६७ टक्क्यांवर जाते. शेवटच्या ३०० मेगाहर्ट्झची ही किंमत नवशिक्याने मोजण्याजोगी नाही.

उष्णतेखेरीज व्होल्टेजचा आणखी एक परिणाम असतो आणि तो तापमापकात दिसत नाही. वाढलेला विद्युतप्रवाह आणि तापमान यांच्या जोडीने चिपेतील सूक्ष्म धातुतारांमधले अणू हळूहळू जागेवरून सरकत जातात, ज्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि जास्त व्होल्टेजखाली ट्रान्झिस्टरमधील निरोधक थरही झिजत जातो. ही झीज परत भरून येत नाही. त्यामुळे ३२ नॅनोमीटर तंत्राच्या या प्रोसेसरसाठी १.३५ व्होल्ट ही नित्य वापराची वरची सीमा मानावी, आणि पहिल्या प्रयत्नात तिच्या जवळपासही जाऊ नये. येथे विशेष सावध राहावे ते मदरबोर्डच्या ‘ऑटो’ या पर्यायापासून : गुणक वाढवताच अनेक बोर्ड स्वतःहून गरजेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतात, म्हणजे जो पर्याय नवख्याला सुरक्षित वाटतो तोच धोक्याचा निघतो.

तयारीचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. चुकीच्या गणितामुळे फायली नकळत बिघडू शकतात, म्हणून महत्त्वाच्या मजकुराची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दहा-बारा वर्षांच्या संगणकातील वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील फट भरणारा उष्णतावाहक लेप, पुसून नवी लावावी, पंख्यांतील धूळ काढावी आणि मदरबोर्डवरील किंवा पॉवर सप्लायमधील फुगलेले कपॅसिटर दिसल्यास हा बेत तेथेच सोडून द्यावा. प्रोसेसरसोबत मिळणारा मूळ हीटसिंक या कामाला अपुरा असतो. उभा टॉवर कूलर हवाच, आणि एलजीए ११५५ सॉकेटची भोके पुढील ११५० व ११५१ सॉकेटांशी जुळत असल्याने असा कूलर आजही सहज मिळतो. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून जानेवारीत ६८ अंशांवर स्थिर राहिलेला संगणक विदर्भातल्या मे महिन्यात त्याच कामाला सहज ८५ अंशांवर पोहोचेल; चाचणी हिवाळ्यात घेतली असेल, तर तेवढी जागा राखून ठेवावी. (ज्या संगणकात अजूनही फिरती हार्ड डिस्क आहे, त्याच्या मालकाने हा सारा खटाटोप करण्याआधी एसएसडी बसवावी, रोजच्या कामात तिचा फरक ओव्हरक्लॉकिंगपेक्षा अधिक जाणवतो.)

प्रत्यक्ष बदल बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ मांडणीत करायचे असतात. रॅम तिच्या नेमल्या वेगावरच ठेवून आधी मूळ स्थितीतील व्होल्टेज आणि पूर्ण भाराखालचे तापमान टिपून ठेवावे, व्होल्टेज ‘ऑटो’वरून काढून त्या टिपलेल्या आकड्यावर बांधावे आणि मग गुणक एकेका पायरीने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने, वाढवत जावा. प्रत्येक पायरीला प्राइम९५ हा प्रोग्रॅम अर्धा तास चालवावा. मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम आपल्या उत्तरांची ज्ञात उत्तरांशी पडताळणी करत राहतो, त्यामुळे संगणक वरकरणी ठीक चालत असतानाही आतले चुकलेले गणित तो पकडतो. सोबत एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमानावर नजर ठेवावी आणि ते ८० अंशांपलीकडे जाऊ लागताच चाचणी थांबवावी. प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग शंभर अंशांच्या आसपास उतरवतो, पण त्या आधाराची वेळ येऊ देऊ नये. जेथे पहिली चूक दिसेल तेथे व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवून पाहता येते, मात्र एका पायरीसाठी अशी वाढ दोन-तीनदा करावी लागली, तर त्या चिपेची सोयीची मर्यादा आली असे समजून एक पायरी खाली उतरावे. संगणक सुरूच होईनासा झाला, तर वीज तोडून बोर्डावरील सीमॉसची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे मांडणी मूळ पदावर येते. ठरलेल्या वेगावर अखेरची चाचणी रात्रभर घ्यावी. अर्ध्या तासात न दिसलेली चूक सातव्या तासाला दिसणे नवलाचे नसते.

वर्ष-दोन वर्षांनी तोच स्थिर संगणक पुन्हा अधूनमधून निळा पडदा दाखवू लागला आणि त्यावर ०x१२४ हा संकेतांक आढळला, तर धूळ आणि पेस्ट तपासल्यानंतर झिजेचा संशय घ्यावा. अशा वेळी व्होल्टेज वाढवून जुना वेग टिकवता येतो, पण त्याने झीज आणखी वेगाने होते; त्याऐवजी गुणक ४२ वरून ४१ किंवा ४० वर आणावा, व्होल्टेज आहे तेथेच ठेवावे आणि रात्रभराची चाचणी पुन्हा घ्यावी.