पोरगं सारखं पडतं, बटण लावता येत नाही? थेरपीचा खर्च विम्यात कधी बसतो, कधी नाही

नशिराबाद (ता. जळगाव) : सात-आठ वर्षांचं पोरगं. बोलायला हुशार, पाढे तोंडपाठ. पण शर्टाचं बटण लागत नाही, बुटाची लेस बांधता येत नाही, चालता चालता अडखळतं, वहीतलं अक्षर त्याचं त्यालाच वाचता येत नाही. घरात त्याला धांदरट म्हणतात, शाळेत बोलणी बसतात, कधी मारही.

हा आळस नसू शकतो. डॉक्टर याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर किंवा डिसप्रॅक्सिया म्हणतात. बुद्धी चांगली असते, पण हातापायाच्या हालचालींचा मेळ बसत नाही. शाळेच्या वयातल्या शंभर मुलांमागे पाच-सहा जणांना हा त्रास असतो. यावर गोळी नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाऊन सराव करावा लागतो, तोही अनेक महिने. प्रत्येक खेपेला फी, गाडीभाडं आणि आईबापाची बुडालेली मजुरी. म्हणून विम्याचा प्रश्न येतो.

आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली योजना म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य. रेशन कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण ते ठरलेल्या आजारांसाठी आणि बहुतेक वेळा दवाखान्यात भरती झाल्यावर. दर आठवड्याच्या थेरपीला ती कामाची नाही.

थेरपीला पैसे देणारी योजना म्हणजे 'निरामय'. केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. ओपीडी, औषधं, थेरपी, प्रवासखर्चही त्यात येतो, प्रत्येकाला वेगळी मर्यादा आहे. आधी तपासण्या करा अशी अट नाही, दवाखाना कोणताही चालतो. खर्च आधी आपण करायचा, मग बिलं देऊन पैसे मागायचे. म्हणून प्रत्येक पावती जपा, साध्या कागदावर लिहून दिलेली रक्कम चालत नाही.

पण अडचण इथंच आहे. निरामय फक्त चार प्रकारांना मिळते : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. नुसता डिसप्रॅक्सिया त्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही त्याचं नाव नाही. विमा नियामकाने २०२३ मध्ये खासगी कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी काढायला लावली, तिथंही आधी प्रमाणपत्र लागतं. म्हणजे त्रास खरा, पण कागदावर त्याला जागा नाही. माझ्या मते हे बदलायला हवं.

तरी तपासणी टाळू नका. सौम्य सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल बाहेरून नुसतं धांदरट दिसू शकतं. काही मुलांना सोबत ऑटिझमही असतो. अशा मुलांचा निरामयवर हक्क असतो, फक्त कोणी नाव दिलेलं नसतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : आधी नीट पळणारा मुलगा आता गुडघ्यावर हात टेकून उठतो, जिना चढताना थकतो, तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. तो स्नायूंचा आजार असू शकतो.

सुरुवात फुकट होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. पथक आलं की पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका, त्रास स्वतः सांगा. पथक पुढच्या तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं. दिव्यांगत्व निघालं तर यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात बोर्ड तपासतं.

प्रमाणपत्र हाती आलं की निरामयचा अर्ज नॅशनल ट्रस्टच्या वेबसाइटवर किंवा तिच्याकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना पहिल्या वर्षी २५० रुपये, बाकीच्यांना ५००. नूतनीकरणाला ५० आणि २५०. ऑनलाइन केंद्रवाला भलतीच रक्कम सांगत असेल तर पावती मागा. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. फेब्रुवारीत नाव घातलं तरी मार्चअखेर मुदत संपते, त्यामुळे कागद आधी तयार ठेवून एप्रिलमध्येच अर्ज करावा.