संगणकाच्या मदतनिसाला ‘घराणे’ शिकवताना

राग एकच असला तरी किराणा घराण्याचा गायक तो जसा मांडतो, तसा जयपूर घराण्याचा गायक मांडत नाही. एकाचा भर स्वराच्या लगावावर, तर दुसऱ्याचा लयीत गुंफलेल्या पेचदार तानांवर. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांमध्येही अशीच घराणी आहेत. ती आजवर वरिष्ठांच्या हाताखाली काम करता करता नवख्यांच्या अंगवळणी पडत. आता मात्र संघात एक असा सहकारी आला आहे, की जो सर्व घराणी ऐकून आहे, पण कोणत्याही एका घराण्याचा नाही.

हा सहकारी म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कोडिंग असिस्टंट. जून २०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ चाचणी स्वरूपात उपलब्ध झाला आणि त्यानंतर अशा साधनांची रांगच लागली. सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध असलेल्या प्रचंड कोडवर त्यांचे शिक्षण झालेले असते. त्यामुळे काहीच न सांगता काम सोपवले, तर हा मदतनीस सर्वसाधारणपणे रूढ असलेली रीत उचलतो. लिहिलेला कोड बहुधा चालतो. परंतु संघाच्या जुन्या कोडमध्ये तो उपरा वाटतो. आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि वर्षानुवर्षे वाचली जाते. ती दुरुस्त करणारा माणूस बहुतेक वेळा मूळ लेखक नसतो. पुण्या-मुंबईतील असंख्य अभियंत्यांचा दिवस इतरांनी लिहिलेल्या कोडची देखभाल करण्यातच जातो. एकाच आज्ञावलीत चार रीती मिसळल्या, तर त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

एकच काम, तीन रीती

एक साधे उदाहरण घेऊ. ग्राहकांच्या यादीतून थकीत वीजबिलांची एकूण रक्कम काढायची आहे. पहिल्या रीतीत शून्यापासून बेरीज सुरू होते. एकेक बिल तपासले जाते आणि थकीत असल्यास त्याची रक्कम मिळवली जाते. दुसऱ्या, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड रीतीत ‘बिल’ ही स्वतंत्र वस्तू मानली जाते आणि आपण थकीत आहोत की नाही, हे तिलाच विचारले जाते. तिसऱ्या, म्हणजे फंक्शनल रीतीत एकदा ठरलेले मूल्य बदलायचेच नाही, असा दंडक असतो. थकीत बिले गाळून घ्यायची, त्यांच्या रकमा वेगळ्या काढायच्या आणि त्यांची बेरीज करायची. उत्तर तिन्हींचे एकच. मात्र उद्या थकबाकीची व्याख्या बदलली, तर दुरुस्ती नेमकी कोठे करायची, हे प्रत्येक रीतीत वेगळे ठरते.

एकाचा गुण, दुसऱ्याचा दोष

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. एखाद्या फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, म्हणजे रिकर्शन, हा हॅस्केलसारख्या फंक्शनल भाषेचा पाया आहे. याउलट, ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये अतिसुरक्षित आज्ञावलींसाठी जे दहा नियम मांडले, त्यांत रिकर्शनला साफ मनाई आहे. प्रत्येक लूपला ठरावीक कमाल मर्यादा हवी आणि आज्ञावली सुरू झाल्यावर नव्याने स्मृती मागू नये, असेही ते नियम सांगतात. यानात बिघाड झाला तर दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून आज्ञावली किती स्मृती वापरेल, हे आधीच सिद्ध करता आले पाहिजे. संकेतस्थळ तयार करणाऱ्या संघाला हेच नियम जाचक ठरतील. तेव्हा ‘उत्तम कोड लिही’ एवढे सांगून भागत नाही. उत्तम कोणासाठी, हे सांगावे लागते.

सूचनांची वही

यासाठी बहुतेक साधनांत एक सोय असते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये साध्या भाषेतील सूचनांची एक फाइल ठेवता येते. ‘क्लॉड कोड’ हे साधन ‘क्लॉड डॉट एमडी’ नावाची फाइल वाचते. अनेक साधनांना चालेल अशी ‘एजंट्स डॉट एमडी’ ही समाईक पद्धत २०२५ मध्ये पुढे आली. फाइलमधील मजकूर कामाच्या विनंतीबरोबर मदतनिसापुढे ठेवला जातो. मोठ्या प्रकल्पात निरनिराळ्या विभागांसाठी निरनिराळ्या फाइली ठेवता येतात. हिशेबाचा भाग फंक्शनल रीतीने आणि पडद्यावरील मांडणी दुसऱ्या रीतीने, असे सांगणे त्यामुळे शक्य होते.

या वहीत काय लिहावे, याला महत्त्व आहे. ‘कोड स्वच्छ असावा’ ही सूचना निरुपयोगी. कारण स्वच्छतेची व्याख्या प्रत्येक घराण्याची निराळी. ‘विचारल्याशिवाय नवी लायब्ररी जोडू नये’, ‘चूक आढळल्यास ती गिळून पुढे जाऊ नये’ अशा सूचना नेमक्या ठरतात. कारण दिले तर अधिक बरे. कारण समजले, की सूचनेत न आलेल्या प्रसंगीही योग्य निवड होण्याची शक्यता वाढते. प्रकल्पातील एखादी आदर्श फाइल नमुना म्हणून दाखवणे तर वर्णनाच्या परिच्छेदांपेक्षा परिणामकारक ठरते. मात्र वही फुगत गेली, की महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते.

सूचना आणि सक्ती

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. वहीतील मजकूर ही सूचना आहे, सक्ती नव्हे. मदतनीस ती कधीकधी डावलतो. म्हणून यंत्राने तपासता येण्याजोगे नियम यंत्राकडेच सोपवावेत. पायथॉनच्या २००१ मधील शैलीपत्रकानुसार ओळ चार मोकळ्या जागा सोडून आत सरकवायची, तर लिनक्सच्या गाभ्यात आठ अक्षरांइतक्या रुंदीचा टॅब वापरायचा. असले वाद मिटवण्यासाठी गो भाषेबरोबर ‘गोफमट’ हे मांडणी करणारे साधनच मिळते. मोकळ्या जागांसाठी वहीतील ओळी खर्च करण्याचे मग कारण उरत नाही.

चाचण्यांबाबतही हेच. आधी चाचणी, मग कोड ही केंट बेक यांनी रुजवलेली शिस्त सूचनेत लिहिता येते. पण चाचणी उत्तीर्ण होत नसेल, तर कोड सुधारण्याऐवजी चाचणीच सौम्य करण्याचा मोह या साधनांनाही होतो. ‘संमतीशिवाय चाचणी बदलू नये’ असे लिहावे हे खरेच. त्याबरोबर चाचण्यांत झालेला प्रत्येक बदल माणसाने डोळ्यांखालून घालणेही आवश्यक आहे.

दुसऱ्याची तयार वही उतरवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यात दुसऱ्याच्या गरजांतून आलेले नियमही आपल्या घरात येतात. स्वतःची वही लिहायला बसले, की खरी अडचण दिसते: कित्येक मुद्द्यांवर संघात एकमत झालेलेच नसते. वर्षानुवर्षे गृहीत धरलेल्या गोष्टी शब्दांत मांडाव्या लागतात, वाद होतात, निर्णय घ्यावे लागतात. मदतनिसासाठी लिहिलेली ही वही उद्या रुजू होणाऱ्या नव्या अभियंत्यालाही तितकीच उपयोगी पडते. उद्या साधन बदलले, तरी तिच्यातील निर्णय संघाच्या हाती राहतात.